शून्य ते सहा: सरकार किती घालतं, तुमच्या खिशातून किती जातं

मूल अडीच वर्षांचं झालं की घरात प्लेग्रुपचा विषय निघतो. कुठला बोर्ड, इंग्रजी की मराठी, व्हॅन येते का, यावर आठवडाभर चर्चा होते आणि शेवटी घराजवळच्या शाळेत चेक दिला जातो. त्या चेकने नेमकं काय विकत घेतलं, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक घरांना हवे असतात तास. आई-वडील दोघे कामावर असताना मूल कुणाच्या तरी नजरेखाली सुरक्षित राहावं, वेळेवर जेवावं, झोपावं, एवढी त्यांची गरज असते. बाजार मात्र त्यांना अक्षरओळख आणि स्नेहसंमेलन विकतो. सरकार या वयाच्या मुलांवर बऱ्यापैकी पैसा घालतं, पण तोही प्रामुख्याने आहारावर. तासांच्या बाबतीत सरकारचा हात आखडता आहे. सरकारकडून काय पदरात पाडून घ्यायचं आणि स्वतःचे पैसे कुठे घालायचे, हे ठरवताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

सरकारी पैशाचा हिशेब

देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे या व्यवस्थेला पन्नाशी उलटली. अंगणवाडीची मूळ कल्पना मराठी मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली, तेव्हा हेतू शिक्षणाचा होता. पुढे देशभर योजना पसरली ती पोषणाच्या बळावर, आणि निधीचं वजनही तिकडेच झुकलेलं राहिलं.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० या योजनेसाठी २१,९६० कोटी रुपये धरले होते. आकडा ऐकायला मोठा आहे. पण लाभार्थ्यांत ८ कोटींहून अधिक मुलं, वर १ कोटी गरोदर आणि स्तनदा माता. भागाकार केला की केंद्राचा वाटा माणशी वर्षाला २,४०० रुपयांच्या आसपास येतो, दिवसाला सात रुपयेही नाही. राज्याचा वाटा यात वेगळा मिळवायचा: पूरक आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात, बाकीच्या खर्चात प्रमाण ६० आणि ४० असं असतं.

आता एका अंगणवाडीपुरतं पाहू. २०१७ मध्ये ठरलेल्या दरानुसार ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर मुलामागे २,४०० रुपये. २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात हे दर वाढवण्याची घोषणा झाली खरी, पण २०१७ नंतर डाळ-तेलाचं काय झालं हे वाचकांना सांगायला नको. मानधनाचं पाहायचं तर २०२४ च्या वाढीनंतर महाराष्ट्रात सेविकेला दरमहा १३,००० आणि मदतनीस ताईंना ७,५०० रुपये, वर कामानुसार प्रोत्साहन भत्ता. ही वाढ सुखासुखी मिळालेली नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून सात आठवडे संप चालला होता. त्या दोघींचं मानधन २५ मुलांत वाटलं तर मुलामागे वर्षाला ९,८४० रुपये होतात. त्यात आहार मिळवला की १२,२४०. अंगणवाडी दिवसाला चार तास चालते असं धरलं तर हे तासाला दहा रुपये झाले, जेवणासकट. इमारत, पर्यवेक्षण, लसी यात धरलेल्या नाहीत आणि पटावर २५ च मुलं मानली आहेत. म्हणजे गणित ढोबळ आहे. तरी हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, खासगी फीच्या वेळी लागेल.

अंगणवाडीतून काय घ्यायचं

बऱ्याच लोकांना वाटतं, अंगणवाडी गरिबांसाठी. योजनेला उत्पन्नाची अट नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि पुढे खासगी नर्सरीत जाणाऱ्या मुलाचीही नोंद आपल्या भागातल्या अंगणवाडीत करता येते.

६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो. ३ ते ६ वयाच्या मुलांना रोज सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो, पण तो अंगणवाडीत येणाऱ्यांना. प्रमाण ठरलेलं आहे: मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मातांना चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी वेगळी मिळतात. घरी न्यायच्या पाकिटांच्या चवीबद्दल तक्रारी जुन्या आहेत. मूल ते खात नसेल तर सेविकेला तसं सांगा. पाकीट घरी नेऊन गुरांपुढे ठेवलं तर कागदावर मूल जेवलेलंच दिसतं.

आता हा आहार घेण्यासाठी आईचा चेहरा ॲपवर पडताळला जातो, जुलै २०२५ पासून ते सक्तीचं झालं. त्यासाठी आईचं आधार कार्ड आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर लागतो. सासरी आल्यावर सिमकार्ड बदललेल्या मुली इथे अडकतात. गरोदरपणातच नंबर जोडून घेतला तर पुढचे हेलपाटे वाचतात.

मला विचाराल तर मध्यमवर्गीय घरासाठी अंगणवाडीचा खरा फायदा आहारापेक्षा दर महिन्याच्या वजन-उंचीच्या नोंदीत आहे. मूल वाढतंय की अडलंय, हे फोटोत दिसत नाही, तक्त्यावर दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं. हृदयाचा दोष, दुभंगलेला ओठ, कमी ऐकू येणं असं काही सापडलं तर पुढचे उपचारही मोफत असतात. लसींचा विचार तर करायलाच हवा. राष्ट्रीय वेळापत्रकातल्या पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या सगळ्या सरकारी केंद्रावर विनाशुल्क आहेत. न्यूमोकोकलचा एकेक डोस खासगी दवाखान्यात हजारांत जातो. काही जादा लसी, उदाहरणार्थ फ्लूची, सरकारी यादीत नाहीत. तेवढ्याच खासगीत घेतल्या तर पहिल्या दोन वर्षांत भरपूर पैसे वाचतात. माता-बाल संरक्षण कार्ड एकच ठेवा, लस कुठेही टोचली तरी नोंद त्यावर.

शिकवण्याचं काय? नवं शैक्षणिक धोरण ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानतं. ३ ते ६ वयासाठी केंद्राने २०२४ मध्ये 'आधारशिला' हा अभ्यासक्रम काढला, महाराष्ट्रात त्याआधीपासून 'आकार' आहे. कागद चांगले आहेत. पण सेविकेची सकाळ सर्वेक्षण, ॲपवरच्या नोंदी, निवडणुकीची कामं, गृहभेटी यांत वाटली जाते. म्हणून अंगणवाडी निवडताना भिंतीवरच्या चित्रांवर जाऊ नका. सकाळी साडेदहा-अकराला न सांगता चक्कर मारा. मुलं किती आहेत, गोष्ट-गाणं-खेळ चाललंय की मुलं नुसती ओळीत बसवलीत, पाणी कुठून येतं, शौचालयाला कुलूप आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. शेजारशेजारच्या दोन अंगणवाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो बहुतेक वेळा सेविकेमुळे असतो.

मोठ्या शहरांत जागेचा प्रश्न वेगळाच आहे. महानगरातल्या अंगणवाडीच्या भाड्यासाठी केंद्राच्या निकषात दरमहा ६,००० रुपये होते. त्या पैशात मुंबईत काय मिळतं, हे मुंबईकरच जाणोत. त्यामुळे शहरात अंगणवाडीसोबत महापालिकेच्या बालवाड्याही पाहाव्यात. मुंबईत महापालिकेच्या बालवाड्या आहेत, शिवाय मुंबई पब्लिक स्कूलमध्ये छोट्या शिशूपासून प्रवेश मिळतो आणि तिथे फी नाही.

आहार येत नसेल तर गप्प बसू नका. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने हा आहार मुलाचा हक्क ठरवला आहे आणि आठव्या कलमाप्रमाणे तो दिला नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. आधी सेविका, मग पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी, तरीही हललं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. महिन्यात किती दिवस आहार शिजला, किती मुलं हजर होती, एवढंच विचारा. मोघम तक्रारीपेक्षा असा नेमका प्रश्न लवकर काम करतो. वस्तीत अंगणवाडीच नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश उपयोगी पडतो: सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. बांधकाम मजुरांच्या आणि झोपडपट्टीतल्या वस्त्यांना हे बहुधा कुणी सांगत नाही.

आरटीईची सोडत

आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा. तीन ते सहा वयाच्या मुलाला त्यात शिक्षणाचा हक्क नाही, सरकार तशी व्यवस्था 'करू शकेल' एवढंच म्हटलं आहे. एक फट मात्र आहे. खासगी विनाअनुदानित शाळेचा प्रवेश नर्सरी किंवा ज्युनियर केजीपासून होत असेल तर दुर्बल आणि वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागाही तिथपासून लागू होतात. सोडतीत जागा मिळाली की आठवीपर्यंत फी नाही. राज्य सरकार शाळेला मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देण्याचा दर अनेक वर्षं धरून आहे. ही रक्कम थकते, म्हणून शाळा कुरकुर करतात आणि कधी तो राग पालकांवर निघतो.

आर्थिक दुर्बल घटकासाठी कौटुंबिक उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत हवं आणि तहसीलदाराचा दाखला हवा. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, अनाथ अशा वंचित घटकांतल्या मुलांना उत्पन्नाची अट नाही. वय ३१ डिसेंबरच्या हिशेबाने मोजतात: नर्सरीला तीन पूर्ण, पहिलीला सहा पूर्ण. दाखले अर्ज सुटायच्या आधी काढून ठेवा. सोडत लागल्यावर सेतू केंद्रात धावपळ करून जागा गेलेले पालक दरवर्षी भेटतात. अर्ज आणि सोडत पूर्णपणे मोफत आहे. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ते रद्द केलं, त्यामुळे घराजवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे म्हणून अर्ज टाळायचं कारण नाही.

खासगी प्लेग्रुप: भाव तासाचा काढा

शहरात प्लेग्रुप-नर्सरीची फी वर्षाला वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या पुढे कुठेही असू शकते. माहितीपत्रकावर जो आकडा असतो त्यात नोंदणी, प्रवेश, अनामत, साहित्य संच, गणवेश, सहल, संमेलनाचा पोशाख आणि व्हॅन धरलेली नसते. पहिल्या भेटीत एकच मागणी करा: जूनपासून मेपर्यंत आमच्याकडून एकूण किती जाणार, ते एका कागदावर लिहून द्या. आणि मूल मध्येच काढलं तर किती परत मिळणार, तेही.

मग तासाचा भाव काढा. समजा वर्षाला ६०,००० रुपये, रोज तीन तास, वर्षात २०० दिवस. म्हणजे ६०० तास, तासाला शंभर रुपये. आता समजा पाळणाघर महिन्याला ८,००० रुपये घेतं, रोज नऊ तास, महिन्याला २५ दिवस. वर्षाला ९६,००० होतात, पण तास २,७००. तासाला ३६ रुपयेसुद्धा नाहीत, आणि त्यात दुपारची झोप आली. अंगणवाडीचे तासाला दहा रुपये होतेच. नोकरी करणाऱ्या घरात बरेचदा प्लेग्रुप आणि पाळणाघर दोन्ही असतात, वर दोहोंमधली व्हॅन. तीन तासांसाठी इतके पैसे घालण्यापेक्षा चांगलं पाळणाघर निवडून प्लेग्रुप एक वर्ष पुढे ढकललं तर मुलाचं काही बिघडत नाही. तीन वर्षांच्या मुलाला गोष्टी ऐकवणारी, बोलतं करणारी बाई जिथे असेल तिथे शिक्षण चालू असतं.

पूर्वप्राथमिक शिक्षणावर जीएसटी नाही. फीच्या बिलावर तो लावला असेल तर कशावर लावला ते विचारा. स्वतंत्र प्लेग्रुपवर बरीच वर्षं कुणाचंच लक्ष नव्हतं, दुकानाच्या गाळ्यातही ते निघत. २०२५ मध्ये राज्याने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितली आहे. नोंदणी क्रमांक मागून पाहा. मिळाला म्हणजे दर्जाची हमी मिळाली असं नव्हे, पण मागितल्यावर समोरच्याचा चेहरा बरंच सांगतो.

जुन्या करपद्धतीत शिकवणी शुल्काची वजावट मिळते, दोन मुलांपर्यंत, बाकीच्या गुंतवणुकीसकट दीड लाखाच्या मर्यादेत. प्लेस्कूल आणि नर्सरीची फीही यात बसते. देणगी, विकास शुल्क, व्हॅन बसत नाही. म्हणून पावतीवर शिकवणी शुल्क वेगळं दाखवून घ्या. नव्या करपद्धतीत यातलं काहीच नाही.

हातात पडणारे पैसे

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम. ८ लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न असलेली घरंही पात्र ठरतात, म्हणजे बराचसा निम्न मध्यमवर्ग यात येतो. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मली असेल तर लेक लाडकी योजनेत जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षांची झाल्यावर ७५,००० रुपये. अर्ज अंगणवाडी सेविकेकडेच द्यायचा असतो.

पाळणाघर

इथे सरकारी पैसा सर्वांत कमी आणि गरज सर्वांत जास्त. केंद्राने जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं २०२२ मध्ये 'पालना' नाव करून देशभरात १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरांचं उद्दिष्ट ठेवलं. १४ लाख अंगणवाड्यांच्या देशात! सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. जुन्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराकडून महिन्याला २० रुपये, त्यावरच्या गटांकडून १०० आणि २०० रुपये घेत. जवळपास असं केंद्र आहे का, हे बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा. आणि साडेसात तासांत तुमचा प्रवास बसतो का, हेही पाहा. कल्याणहून चर्चगेटला जाणाऱ्या आईसाठी तो बसत नाही.

मालकावरची जबाबदारी मात्र कायद्याने पक्की आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या नियमाप्रमाणे ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं. पन्नास कर्मचारी म्हणजे पन्नास बायका नव्हेत, पुरुषही मोजायचे. सोय ऑफिसातच हवी असं नाही, ठरावीक अंतरात किंवा दोन-चार कंपन्यांनी मिळूनही चालते. नोकरीवर घेतानाच ही माहिती लेखी द्यायची असते. मिळाली नसेल तर मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारा, तोंडी नको. बांधकामावर ५० पेक्षा जास्त स्त्री मजूर असतील तर जुन्या बांधकाम कामगार कायद्यात ठेकेदाराला पाळणाघर बंधनकारक होतं. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला त्याच मजुरीवर नेमायचं असतं.

खासगी पाळणाघर निवडताना मोजपट्टी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांची घ्या: तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक पाळणाघर सेविका आणि एक मदतनीस, तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे तेवढीच माणसं. शक्यतो तळमजला. मालकीणबाई सांगतील तो आकडा धरू नका, दुपारी दोनला जाऊन स्वतः मोजा. जेवणं झाल्यावर निम्मी माणसं घरी गेलेली असतात. सुट्टीच्या महिन्याची फी किती, मूल आजारी असताना घेतात का, सांभाळणारी ताई रजेवर असेल तर कोण, हे आधी विचारून घ्या. लोकल बंद पडली आणि आठ वाजले, तर तासाला किती दंड आणि तोवर मुलाजवळ कोण थांबणार, हे करारावर लिहून घेतल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नका.